लेकीला काय घावलं?

माझ्या विद्यार्थिनीची इंग्रजी साहित्यातल्या पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा संपली. पदवी द्यावी, अशी शिफारस परीक्षकांनी वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि विभागाच्या व्हरांड्यात पेढ्यांचे बॉक्स फिरू लागले. जूनचे दिवस होते. पावसाचा पत्ता नव्हता. कूलरमधल्या ओल्या गवताचा आणि पेढ्यांतल्या वेलदोड्याचा वास एकमेकांत मिसळला होता. मी मार्गदर्शक, त्यामुळे माझ्याभोवतीही माणसं होती. मुलीचे वडील मात्र लांब भिंतीशी उभे होते. पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर उपरणं, हातातला पेढा तसाच. केज तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी ती सगळी इंग्रजी प्रश्नोत्तरं कान देऊन ऐकली होती. लेक बोलायला लागली की पुढं सरकायचे, परीक्षक बोलायला लागले की मागं टेकायचे. गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले.

“मॅडम, रागावू नका, पर एक इचारतो. परभणीच्या विद्यापीठातले साहेब लोक गावात यायचे. आम्ही संशोधन करतोत म्हणायचे. मंग नांदेड चव्वेचाळीस कापूस आला. आम्ही पेरला, डोळ्यानं बघितला. ह्या पोरीनं एवढी वर्सं घातली, सगळे शाबासकी द्यायलेत. लेकीला काय घावलं, ते कुणीच सांगंना.”

मी सांगायला लागले. “काका, अमेरिकेतल्या काळ्या बायांनी आपल्या जगण्याबद्दल लिहिलं, आपल्याकडच्या दलित बायांनी लिहिलं. तिनं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचलं.” ते म्हणाले, “मंग सारखंच निघालं का?” मी म्हटलं, “बरंच सारखं, थोडं वेगळं.” “वेगळं ते कोणतं?” त्या दिवशीचा सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता. मी तिच्या तिसऱ्या प्रकरणातली गोष्ट सांगितली. तिकडच्या बायांच्या लिहिण्यात देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, सामूहिक गाणं सारखं येतं. आपल्या बायांच्या लिहिण्यात ती जागा जलशाच्या आणि जात्यावरच्या गाण्याची आहे. अक्षर डोळ्यांपुढं येण्याआधी ते गाण्यातून कानावर पडलेलं होतं. काकांचा चेहरा एकदम उजळला. “बाबासाहेबाच्या ओव्या तर हिच्या आजीला लई यायच्या. पहाटचं सुरू व्हायची. ते घेतलं का हिनं?”

ते प्रबंधात नव्हतं. प्रबंधाची चौकट छापील पुस्तकांची होती.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याचा घाट चढताना, नेकनूर मागं पडताना, तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि पुढे कित्येक महिने घोळला. इंग्रजीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. समारंभात आमचं कौतुक होतं, गावाकडच्या लग्नात ‘इंग्रजीच्या मॅडम’ म्हणून पुढची खुर्ची मिळते, पण आम्ही नेमकं काय शोधतो, हे कुणी विचारत नाही. काकांनी ते विचारलं, कारण संशोधन म्हणजे काय हे त्यांनी स्वतःच्या रानात पाहिलं होतं. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि तिथलं काम बियाण्याच्या पिशवीतून त्यांच्या बांधापर्यंत गेलं. आमच्याकडून काय गेलं, हा हिशेब मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि असं नाही की मराठवाड्यात इंग्रजीच्या अभ्यासानं कधी काही दिलंच नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. तिथं म. ना. वानखेडे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य. अमेरिकेत जाऊन त्यांनी पीएच.डी. केली आणि येताना तिथल्या काळ्या लेखकांचं साहित्य, त्यामागचा विचार बरोबर आणला. मिलिंदच्या परिसरातल्या, म्हणजे नागसेनवनातल्या, वसतिगृहात राहणाऱ्या, बहुतेक पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या पोरांना त्यांनी तो मराठीत सांगितला, लिहा म्हणाले. ‘अस्मिता’ आणि मग गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ ही नियतकालिकं त्याच वातावरणातून उभी राहिली. इंग्रजीत वाचलेलं एक साहित्य मराठीतल्या एका नव्या साहित्याला, दलित साहित्याला, बळ देऊन गेलं. काकांच्या कसोटीला हे काम शंभर टक्के उतरतं. ते डोळ्यानं दिसलं.

त्यानंतर मात्र तीच तुलना आम्ही पुन्हा पुन्हा करत राहिलो. ग्रंथालयात प्रबंधांच्या मांडणीपुढे उभं राहिलं की काळ्या आणि मरून रंगाच्या पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरांत तेच शब्द दिसतात : परात्मता, ओळखीचा शोध, स्त्रीची घुसमट, वसाहतोत्तर जाणीव. कादंबरीकार बदलतो, प्रकरणांची नावं बदलत नाहीत. हे लिहिताना माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पुठ्ठ्यामागचं घर मला माहीत आहे. लोडशेडिंगच्या काळात कंदिलाशी वाचलेली पानं, विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबून जमवलेली फी, घरात कुणालाच न कळणाऱ्या भाषेत एकट्यानं लिहिलेली तीनशे पानं. त्या पदवीनं किती घरांत पहिला पगार आला, हे मी पाहिलं आहे. त्या कष्टांना कमी लेखणारं एक अक्षरही माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. पण म्हणूनच वाईट वाटतं. एवढ्या कष्टांना याहून मोलाचा विषय मिळायला हवा होता. आणि तो आजीच्या जात्यापाशी होता.

पुण्याच्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांची माणसं आमच्या बीड जिल्ह्यातही आली होती. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. माझी विद्यार्थिनी आता त्याच वाटेनं निघाली आहे. तिची आजी राहिली नाही, पण आजीच्या जावा आहेत, मावळणी आहेत. मोबाईल उशाशी ठेवून ती रेकॉर्ड करते, मराठीत उतरवते, मग इंग्रजीत आणते. प्रबंधानंतरचं हे काम मला प्रबंधापेक्षा मोठं वाटतं आणि तिला मी तसं स्पष्ट सांगितलं आहे.

साहित्याचं झालं. भाषेच्या अभ्यासाचं काय?

माझे आजोबा मोमिनाबादेत शिकले. आजचं अंबाजोगाई. निजामी राजवट, शाळेचं माध्यम उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेच मुळी उर्दू माध्यमाचं. देशभर उच्च शिक्षण इंग्रजीतून चाललेलं असताना इथं विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवायचा घाट घातला गेला आणि इंग्रजी हा सक्तीचा, पण एक विषय राहिला. आजोबांची एक वही आमच्या माळवदाच्या घरातल्या फडताळात होती. जाड, पिवळा पडलेला कागद, आणि निळसर-काळी दौतीची शाई. इंग्रजी शब्द डावीकडून सुरू व्हायचा, त्याचा उर्दू अर्थ उजवीकडून यायचा, आणि पानाच्या मध्यावर दोघं भेटायचे. क्वचित कोपऱ्यात मोडीत काहीतरी टिपलेलं, ते घरातलं, हिशेबाचं. लहानपणी मला ती वही जादूची वाटायची. आता वाटतं की मराठवाड्यातल्या इंग्रजीच्या शिक्षणाचा आरंभच त्या पानावर मांडलेला होता. आम्ही एम.ए.च्या वर्गात भारतातल्या इंग्रजीचा इतिहास १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणापासून शिकवतो, मुंबई-पुणे-कलकत्ता करत पुढे येतो. आमच्या वर्गातल्या पोरांच्या पणजोबांपर्यंत इंग्रजी त्या रस्त्यानं आलीच नाही, ती उर्दूचा हात धरून आली. मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दूचा तो प्रचंड शब्दकोश १९३७ साली अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेनं प्रसिद्ध केला, तो औरंगाबादहून. आपल्या शहरातून निघालेला हा कोश, पण इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या हातात मी तो क्वचितच पाहिला. निजामी शाळांतली क्रमिक पुस्तकं, परीक्षांचे पेपर, इन्स्पेक्टरांचे शेरे, आणि नव्वदी ओलांडलेली, उर्दूतून मॅट्रिक झालेली मोजकी माणसं. यातलं जेवढं हाताला लागेल तेवढं आत्ताच गोळा करायला हवं. दहा वर्षांनी सांगायला कुणी उरणार नाही.

मराठी माणसाच्या इंग्रजीवर काम झालं आहे, आणि उत्तम झालं आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवर निबंध लिहिला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी छापील भारतीय इंग्रजीचे पाचशे नमुने जमवले, प्रत्येकी साधारण दोन हजार शब्दांचे, सगळे १९७८ सालात प्रसिद्ध झालेले. दहा लाख शब्दांचा तो संग्रह १९८६ मध्ये पुरा झाला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाच्या धर्तीवर तो बेतला होता आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वापरला. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, संगणकाची आजच्यासारखी सोय नसताना एका विभागानं हे उभं केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण ती इंग्रजी संपादकाच्या हाताखालून गेलेली, वर्तमानपत्रांतली, पुस्तकांतली. धारूरच्या, मुखेडच्या, औंढ्याच्या पोराची निळ्या पेननं लिहिलेली, ‘ए’, ‘द’ ही उपपदं गाळलेली इंग्रजी त्यात असण्याचं कारण नव्हतं. ती आमच्याकडे आहे. दर परीक्षेला गठ्ठ्यांनी आमच्या टेबलावर येते.

ती नीट वाचली तर फार बोलते. ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू लातूर’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की आता ते चूक म्हणून डोळ्याला खुपत नाही, त्यामागचं डोकं दिसतं. ‘काल मी लातूरला गेलो होतो’ असंच आपण म्हणतो; जाऊन आलो, काम झालं, विषय मिटला, हे ‘गेलो होतो’मध्ये असतं. नुसतं ‘गेलो’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो. पोरगं मराठीतली ही बारीक जाणीव इंग्रजीत घेऊन जातं. तसंच ‘आय ॲम हिअरिंग हिज व्हॉइस’. व्याकरणाचं पुस्तक म्हणतं, ऐकू येणं, दिसणं असल्या क्रियापदांना चालू काळ नको. पण आमच्याकडं ‘आवाज ऐकू यायलाय’, ‘मला दिसायलंय’ हे चोवीस तास चालू असतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये सांगितलं की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याचा पुरावा असतो. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी दाखवलं की मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्यामध्ये शिकणारा स्वतःची एक तिसरी व्यवस्था उभी करतो. हे आम्ही प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट-सेट परीक्षांच्या तयारीत पाठ करून घेतो. समोरच्या गठ्ठ्यात ती व्यवस्था जिवंत पडलेली असते आणि आम्ही तिच्यावर लाल रेघ ओढून बेरीज करून मोकळे होतो.

शिवाय ‘मराठी मातृभाषक विद्यार्थी’ हे शब्द आमच्या प्रबंधांत जितक्या सहज येतात, तितका वर्ग सरळ नसतो. देगलूर-बिलोलीच्या पोराच्या घरी तेलुगू असते, उमरग्याकडं कन्नड, नांदेड-बीडच्या मोहल्ल्यांत दखनी, म्हणजे इकडची उर्दू. एकदा प्रथम वर्षाच्या वर्गात तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, “तू मनातल्या मनात कोणत्या भाषेत बोलतेस?” ती म्हणाली, “मॅडम, मोजते मराठीत, भांडते गोरमाटीत.” गोरमाटी म्हणजे बंजारा बोली. सगळा वर्ग हसला, तीही हसली. माझ्यासाठी त्या एका वाक्यात चार प्रबंधांचा ऐवज होता. घरात गोरमाटी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि या सगळ्यांवर इंग्रजी. तिच्या इंग्रजीतली वळणं मराठीची आहेत की गोरमाटीची, हे तपासल्याशिवाय ‘मातृभाषेचा प्रभाव’ असं प्रकरणाला नाव देणं मला आता पटत नाही.

शिकवण्याच्या संशोधनाबद्दलही मला असंच वाटतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरूच्या आणि तमिळनाडूतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण बाजूला ठेवायचं, मुलांना सोडवायला कोडं द्यायचं, रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, असं काहीतरी. शिक्षकानं एक उदाहरण सगळ्यांसमोर बोलत-बोलत सोडवायचं, तसंच दुसरं मुलांनी आपलं-आपण. लक्ष अर्थावर असलं की भाषा आपोआप अंगात मुरते, हा त्यांचा विश्वास. जगभर कार्याधारित भाषाशिक्षणाची चर्चा झाली, तिच्या मुळाशी दक्षिण भारतातले ते साधे वर्ग आहेत. गेल्या पावसाळ्यात घाटनांदूरच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत गेले होते. छप्परावर पावसाचा ताशा, वर्गात ओल्या दप्तरांचा वास. गुरुजींनी फळ्यावर एसटीचं वेळापत्रक लिहिलं होतं आणि इंग्रजीत विचारत होते, कोणती गाडी धरली तर अकराच्या आत परळी गाठता येईल? पोरं आपण इंग्रजी बोलतोय हे विसरून भांडत होती. “नो सर, दॅट बस इज ऑलवेज लेट!” एक पोरगं बाकावर उभं राहून ओरडलं. २००० सालापासून आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीला एबीसीडी यायची. या एवढ्या वर्षांत अशा किती गुरुजींनी काय-काय करून पाहिलं असेल. त्यांच्या वर्गात आठ दिवस गुपचूप मागं बसून कुणी ते लिहून ठेवत नाही. आणि त्याच वर्गात दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात. आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, पोरं बरोबर जातात, होळीच्या पुढं परत येतात. पाठ्यपुस्तकाचा उत्तरार्ध त्यांना भेटतच नाही. या मुलांची इंग्रजी कुठं तुटते, परत आल्यावर कशी सांधते, हे शोधणं बीड जिल्ह्यातल्या इंग्रजी विभागाचं काम नसेल तर कुणाचं असेल?

हे का होत नाही, याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे थोडक्यात लिहिते. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला लागले आणि शोधनिबंध संख्येनं मोजले जाऊ लागले. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो, असं सांगणारी मासिकं उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २ मे २०१८ ला मान्यताप्राप्त यादीतून ४३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली. पुढे २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. दरम्यान २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली, हे मात्र फार चांगलं झालं. शाळेत वर्षभर बसून केलेलं काम आता घाईनं कुठंतरी छापून आणायची गरज नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट आवर्जून करायला लावते. प्रबंध जमा झाला की त्याचा पंधरा-वीस पानांचा सार मराठीत लिहायचा आणि जिथून माहिती घेतली, त्या गावात, त्या शाळेत तो वाचून दाखवायचा. लोक प्रश्न विचारतात. अवघड विचारतात. एका गावात सरपंचबाई म्हणाल्या, “आमची पोरं चुकत्यात हे सांगितलं, मंग तुमच्या पुस्तकात आमच्या बोलीसाठी जागा का नाही, ते बी सांगा.” त्या प्रश्नावर एकानं आता एम.ए.चा प्रकल्प घेतला आहे.

आणि एक काम आमच्या विभागानं या वर्षी हाती घेतलं आहे. बेल्जियममधल्या लुव्हँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजे यांनी १९९० पासून परभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांचा संग्रह उभा केला. २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यात अकरा मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचं लेखन होतं. तसा संग्रह आपल्या आठ जिल्ह्यांचा करायचा. त्यासाठी मोठं अनुदान लागत नाही, आधी कपाट लागतं, ते आम्ही रिकामं केलं आहे. हे वाचणाऱ्यांत जे शिक्षक असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घटक चाचणीच्या, निबंधाच्या, पत्रलेखनाच्या वह्या वर्षाअखेर रद्दीत घालू नका. विद्यार्थ्याची आणि पालकांची परवानगी घ्या, नावाचं पान फाडून टाका आणि आमच्याकडे पाठवा. प्रत्येक वहीवर फक्त चार गोष्टी लिहा : इयत्ता, गाव, घरात कोणती भाषा बोलतात, आणि वर्षातले किती महिने मूल गावाबाहेर होतं. शेवटचा रकाना कृपया रिकामा ठेवू नका.